जादा थांबा

लातूर सोडून तास झाला नव्हता, तोच वाटाड्याने जादा थांबा मागितला.

"अहमदपूरला इंधन घ्यावं लागेल," टाकीखालच्या डबीचा आवाज दोघींच्या हेल्मेटमध्ये एकदमच उमटला. "नांदेडपर्यंत पुरणार नाही."

मागच्या सीटवरची हेमांगी चमकली. थांबे ठरवायचं काम तिचं, आणि तिच्या यादीत अहमदपूर नव्हतं. सोलापूरला टाकी गळ्यापर्यंत भरली होती. तिथून नांदेड अडीचशे किलोमीटर. तेरा लिटरमध्ये ही गाडी तीनशे दहा जाते, हे तिने निघण्याआधी महिनाभर पाटण-चिपळूण फेऱ्या करून मोजलं होतं. तीस किलोमीटर हाताशी राखून धरले तरी आरामात पोचायला हवं होतं.

"त्या डबीला म्हणावं, गप्प बस," पुढून शलाका म्हणाली. "माझी गाडी मला कळते."

"थांबूया वन्सं. चहा तरी होईल."

"चहासाठी थांबते. डबीसाठी नाही."

शलाका म्हणजे हेमांगीची थोरली नणंद. हेमांगीच्या वयाच्या बायकांत 'वन्सं' कुणी म्हणत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला तिने गमतीने तशी हाक मारली, त्यावर शलाका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग तीच हाक कायमची झाली. एसटीत बायका स्टिअरिंगवर बसू लागल्या त्या सुरुवातीच्या काळात शलाका चिपळूण डेपोत ड्रायव्हर म्हणून लागली. निवृत्त होईपर्यंत कुंभार्ली घाट किती वेळा चढली-उतरली याची गणती नव्हती. लग्न केलं नाही. आता बासष्टची होती. हेमांगी दोन वर्षांनी लहान. तिची सगळी नोकरी कोयनेच्या भूकंपमापन केंद्रात गेली, जमिनीच्या थरथरीच्या रेघा वाचण्यात. हेमांगीचा नवरा प्रमोद दोन चाकांवर बसला की घामाघूम व्हायचा, त्यामुळे भटकायचं ते या दोघींनीच. या खेपेला बेत मोठा होता. गुहागरच्या किनाऱ्यावरून निघायचं आणि देश आडवा ओलांडून ओडिशातल्या गोपाळपूरला, पलीकडच्या समुद्रात पाय बुडवायचे.

साल होतं २०४६. रस्त्यावरच्या दहातल्या नऊ गाड्या बॅटरीवर पळत होत्या. जुन्या इंजिनांसाठी इथेनॉल मिळे, उसाच्या चिपाडाचं नाहीतर भाताच्या पेंढ्याचं. पण त्याच्या एका लिटरात पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ताकद, आणि त्याचे पंप शंभर-दोनशे किलोमीटरला एक. म्हणून शलाकाच्या पंचवीस वर्षांच्या साडेतीनशे सीसी गाडीसारखी गाडी घेऊन लांब जायचं, तर थांब्यांचा नकाशा आधी आणि बाकी सगळं नंतर.

वाटाड्या त्यासाठीच होता. काडेपेटीएवढी डबी. इंजिनात इंधनाची पिचकारी नेमकी किती उडते, चढ किती, वारा कुठला, गाडीवर वजन किती, हे सगळं ती क्षणाक्षणाला टिपायची. आणि त्याहून महत्त्वाचं, चालवणाऱ्याचं मनगट ओळखायची. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ प्रत्येक जण आपल्या पद्धतीने पिळतो. कुणी हिसका देतो, कुणी अलगद वळवतो. दोनेकशे किलोमीटर गेले की डबीला तो हात पाठ व्हायचा. मग ती सांगेल तिथेच टाकी संपायची, फार तर दोन किलोमीटर इकडे-तिकडे.

ही डबी सक्तीची होण्यामागे आणखी एक कारण होतं. महामार्गावरचा पंप इंधन देताना डबीतली नोंद वाचून घ्यायचा. तिच्यात चालवणाऱ्याच्या हाताचा स्थैर्यांक असायचा, शंभरपैकी. तो साठच्या खाली गेला की परवाना तिथल्या तिथे थांबायचा. डुलकी लागलेले, प्यालेले, आजारी असे किती जण त्यामुळे वेळीच उतरवले गेले होते. हेमांगीने त्या आकड्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. शलाकासारख्या बाईच्या मागे बसल्यावर कोण देईल?

अहमदपूरला तिने आधी इंधनावर संशय घेतला. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. जुन्या टाकीतला माल असला तर पाणीच जास्त. तिने पिशवीतून घनतामापी काढून नळकांड्यात बुडवला. माल चोख निघाला. मग चाकांतली हवा पाहिली. ठीक होती. वारा तर पाठीमागूनच होता.

"झाली का तपासणी?" शलाकाने विचारलं. चहाचा ग्लास तिने डाव्या हातात धरला होता.

"काही सापडत नाही."

"म्हातारी झाली गाडी. आपल्यासारखी." शलाकाने ग्लास खाली ठेवला आणि उजवा हात जाकिटाच्या खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून निजामाबादमार्गे मंचेरियाल. पल्ला आणखी आठ किलोमीटरनी घटला. निजामाबादला टाकी पुन्हा भरली. संध्याकाळी मंचेरियालच्या लॉजवर शलाका जेवून लगेच झोपली. हेमांगीच्या डोक्यातून मात्र ते आठ किलोमीटर जाईनात.

पहाटे फटफटल्यावर ती गॅलरीत येऊन बसली आणि डबीतली मूळ नोंद तिने टॅबवर उघडली. सरासरी आकडे नव्हे, क्षणाक्षणाची रेघ. घाटातली, गावातली, खड्ड्यांची रेघ वेडीवाकडी होती, तशी ती असायचीच. मग तिने सपाट, सरळ रस्ता निवडला, जिथे हात नुसता मुठीवर टेकलेला असतो. रेघ मोठी केली.

कंगव्याचे दात असावेत तशी ती दिसत होती. एकसारखे, बारीक, नेमके. एका सेकंदात पाच.

हेमांगीने टॅब मांडीवर ठेवला. इंजिनाची थरथर असती तर सेकंदाला तीस-चाळीसच्या पुढे गेली असती. रस्त्याची असती तर तिला ताल नसता. ज्या कंपाला असा ताल असतो त्याला एकच उगम असतो, हे तिने उभ्या जन्मात शेकडो रेघांवरून शिकलेलं होतं. इथे तो उगम होता शलाकाचं उजवं मनगट. मूठ दर सेकंदाला पाचदा केसभर पुढे-मागे होत होती, आणि प्रत्येक वेळी इंजिनात थेंबाचा अंश जास्त पडत होता. दिवसाला अडीच-तीन लिटर तिथे गळत होतं.

हात विसावलेला असताना येणारा कंप, सेकंदाला चार ते सहा वेळा. तिने वाचलेलं होतं. कंपवात.

आता एकेक गोष्ट आठवायला लागली. डाव्या हातातला ग्लास. खिशातला उजवा हात. हॉटेलच्या नोंदवहीत "तूच लिही गं, माझं अक्षर मेलं कुत्र्याच्या पायाचं." तिने स्थैर्यांक उघडला. चिपळूण चौऱ्याहत्तर. सोलापूर सत्तर. अहमदपूर सहासष्ट. निजामाबाद एकसष्ट. लांब पल्ल्यांच्या दमणुकीने आकडा रोज उतरत होता.

पुढचा पंप परवाना थांबवणार होता.

तिने सवयीने नकाशा काढला. इथून सिरोंचा ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. तिथे महिला संघाचा हातपंप होता, मोहाच्या फुलांपासून केलेलं इथेनॉल विकणारा. हातपंप काही वाचत नाही. पुढे बस्तरच्या जंगलात असाच एक, मग कोरापूटच्या अलीकडे आणखी एक. म्हणजे शलाकाला कुणाला कळू न देता थेट समुद्रापर्यंत नेता येत होतं. कागदावर नुसता मार्ग नव्हे, सुंदर मार्ग होता.

आणि मग तिला कळलं की हा मार्ग तिने आखलेलाच नाही. तिने आखला होता रायपूरवरून, सरळ आणि रुंद. शलाकाच हट्टाला पेटली होती की जायचं तर सिरोंच्यावरून, गोदावरी बघत, जंगलातून. "रुंद रस्त्यावर मी आयुष्यभर कमी का गाडी हाकली?" असं म्हणाली होती.

"निघायचं ना?" शलाका मागे येऊन उभी होती. हेमांगीने टॅब मिटला.

"निघूया," ती म्हणाली. 

त्या ऐंशी किलोमीटरमध्ये हेमांगीने नणंदेच्या पाठीवरून नजर हलवली नाही. गाडी तशी नीटच चालली होती. चेन्नूरच्या पुढे एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. शलाकाने ब्रेक दाबला, पण बोटांनी क्षणभर उशीर केला. चाक घसरलं, गाडी तिरकी होऊन रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. काही लागलं नाही. शेळ्या निघून गेल्या. शलाकाने गाडी सरळ केली आणि पुन्हा चालू केली.

सिरोंच्याचा पंप म्हणजे चिंचेच्या झाडाखाली पत्र्याची शेड. मल्लक्का नावाची ठसठशीत बाई दांडा मारून इंधन काढून देत होती. बरणीसारख्या काचेच्या पात्रात ते आधी चढायचं, मग नळीतून टाकीत उतरायचं. हवेत मोहाचा गोडसर वास होता.

"फुल?" मल्लक्काने विचारलं.

"थांबा जरा," हेमांगी म्हणाली. ती शलाकाला चिंचेच्या पलीकडच्या बाकावर घेऊन गेली. टॅब उघडून समोर धरला. "वन्सं, ही रेघ तुमच्या हाताची आहे."

शलाकाने रेघेकडे पाहिलंच नाही. "तुला कधी कळलं?"

"आज पहाटे. तुम्हाला?"

"दिवाळीत. पुण्याला जाऊन आले. तुम्हाला सांगितलं, मैत्रिणीकडे चाललेय म्हणून." तिने उजवा हात खिशातून काढून मांडीवर ठेवला. आता लपवायचं काही नव्हतं. अंगठा बोटांवरून फिरत होता, विडीची तंबाखू चोळावी तसा. "डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात. मी घेतल्या नाहीत. गोळी सुरू केली की नोंद होते, आणि नोंद झाली की परवाना थांबतो. सहा महिन्यांनी फेरतपासणी. हात बरा असला तर परत मिळतो."

"मग?"

"आणि नसला तर?" शलाका म्हणाली. "मला एकदा समुद्रापर्यंत जायचं होतं, हेमा. स्वतः चालवत. मग काय ते होऊ दे म्हटलं."

हेमांगीला वाटलं होतं की आपल्याला रडू येईल. आला तो राग.

"मागे मी बसले होते वन्सं."

शलाकाने टॅब पालथा केला.

"तुम्ही म्हणाला असतात की माझा हात असा आहे, येतेस का, तर मी आले असते. खरंच आले असते. प्रमोदला खोटं सांगून आले असते. पण मला विचारायला नको? मघाशी ती गाडी खाली गेली असती तर?"

"मघाशी मलाही तेच दिसलं," शलाका हळूच म्हणाली. "सगळ्या नोकरीत एका माणसाला खरचटू दिलं नाही मी. हा नियम आला ना, तेव्हा डेपोच्या सभेत सगळे विरोधात ओरडत होते. मी उठून सांगितलं की यायलाच पाहिजे. आणि आज मीच पंप चुकवत फिरतेय, तेही घरचं माणूस मागे बसवून." तिने हाताकडे पाहिलं. "चुकले गं. तुझ्यासमोर हात जोडायचे तर तेही धड जुळायचे नाहीत."

हेमांगीने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. धरल्यावर तो थोडा शांत झाला, मग पुन्हा सुरू झाला. तिने सोडला नाही. पलीकडे मल्लक्का दांड्यावर हात ठेवून थांबली होती आणि दुसरीकडे बघत होती.

"प्रमोदला फोन करते, टेम्पो पाठवायला सांगते," शलाकाच शेवटी बोलली. "गाडी त्यात टाकू. आपण बसने जाऊ परत."

"माझं लायसन गिअरच्या गाडीचं आहे," हेमांगी म्हणाली.

"कधीचं?"

"कॉलेजात असताना वडिलांच्या गाडीवर काढलेलं. नूतनीकरण करत आलेय दर वेळी, उगाचच."

"चाळीस वर्षं गिअर टाकला नाहीस तू! स्कूटीवरून भाजी आणणारी बाई ही दोनशे किलोची गाडी हाकणार?"

"तुम्ही शिकवा. डेपोत नव्या पोरींना कोण शिकवायचं?"

शलाकाने तिच्याकडे नीट पाहिलं, एखाद्या उमेदवाराकडे पाहावं तसं. मग पायांकडे. "उंची पुरेल," ती म्हणाली.

मल्लक्काने आपली पडवी दिली. चार दिवस दोघी तिथे राहिल्या. सकाळ-संध्याकाळ नदीकाठच्या मोकळ्या मैदानात शिकवणी चाले. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली. शलाका कडेला उभी राहून ओरडायची, "क्लच सोड, फेकू नकोस! दाराआड निजलेल्या माणसाला जाग येऊ नये, तसं दार लोटायचं!" दुसऱ्या दिवशी हेमांगी गाडीसकट वाळूत आडवी झाली. मल्लक्का आणि तिच्या दोन जावा धावत आल्या, गाडी उचलली आणि पोट धरून हसल्या. शलाका हसली नाही. तिने हेमांगीचं ढोपर धुतलं, हळद लावली आणि म्हणाली, "आज पुरे."

"आणखी एक फेरी."

"अगं, तुला रडायला येतंय."

"येऊ दे. एक फेरी."

चौथ्या दिवशी हेमांगीने मैदानात आठचे आकडे घातले आणि हात न थरथरता येऊन थांबली. शलाकाने गाडीभोवती एक चक्कर मारली. "ताशी चाळीसच्या वर नाही. दर तासाला थांबायचं. मी मागून सांगेन ते ऐकायचं." मग स्वतःच मागच्या सीटवर चढून बसली. चढताना तिने डोळे पुसले ते हेमांगीला आरशात दिसलं. तिने आरसा थोडा वर वळवला.

वाटाड्या पहिले दोनशे किलोमीटर गोंधळलेला होता. "चालकाचा हात अपरिचित. अंदाज अपुरा," असं दर थोड्या वेळाने म्हणायचा. थांबे हेमांगीने पेन्सिलीने काढले, पण आता तीच चालवत असल्यामुळे ते वाचायचे शलाकाने. एकदा तिने तास झाल्याचं सांगितलंच नाही. विचारलं तर म्हणाली, "चांगली लय लागली होती तुझी. मोडवेना."

छत्तीसगडातलं बिजापूर सोडल्यावर लागलेला बस्तरचा हातपंप शलाकाने हात करून मागे टाकायला लावला. "जगदलपूरपर्यंत पुरतंय," ती म्हणाली. "तिथे वाचणारा पंप आहे."

"तिथेच घ्यायला हवं असं नाही वन्सं. चालवतेय मी."

"मला तिथेच जायचंय."

जगदलपूरच्या पंपावर इंधनाच्या नळीशेजारी तपासणीची मूठ बसवलेली होती. वाटाड्या बिघडलेल्या चालकांसाठी ती असे. शलाका गाडीवरून उतरली, हेल्मेट काढून सीटवर ठेवलं आणि सरळ जाऊन, पडद्याला परवाना टेकवून ती मूठ धरली. अर्धा मिनिट धरून ठेवायची होती. हेमांगी शेजारी उभी राहिली. पडद्यावर आकडा चढला, उतरला आणि स्थिरावला. सत्तावन्न. खाली ओळ उमटली: परवाना स्थगित, फेरतपासणी सहा महिन्यांनी.

पंपावरचा तरुण बावरला. "दीदी, अब आपको मैं..."

"माहीत आहे," शलाका म्हणाली. "गाडी माझी भावजय चालवते. तिला द्या."

पंपासमोरच औषधांचं दुकान होतं. शलाका एकटीच रस्ता ओलांडून गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात गोळ्यांची पट्टी आणि दोन शहाळी होती. पट्टी तिच्याने फुटेना. हेमांगी मदतीला सरसावली, तर तिने मान हलवली. तिसऱ्या खेपेला गोळी निघाली. शहाळ्याच्या पाण्याबरोबर ती गिळून शलाकाने तोंड वाकडं केलं. "लगेच काही होणार नाही म्हणाले. आठवडे लागतात," ती म्हणाली. मग हेल्मेट चढवून मागे बसली.

गोपाळपूरला पोचायला ठरल्यापेक्षा सहा दिवस जास्त लागले. कोरापूटच्या घाटात हेमांगीच्या मांडीला गोळे आले, एका उतारावर तिला भीतीने पुढे जाववेना, तेव्हा शलाका मागून नुसती "आहे मी, चल" म्हणत राहिली. उतार संपला. शेवटच्या दिवशी ऊन कललं असताना समोर अचानक रस्ता संपला आणि पाणी लागलं.

दोघी बूट काढून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. प्रमोदला फोन झाला. शलाकाने त्याला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्याने आधी गोळ्यांचं नाव विचारून घेतलं. मग तो म्हणाला, "ताई, चिपळूणचं दार बंद कर आता आणि पाटणला ये. मागची खोली हवेशीर आहे." शलाका म्हणाली, "बघते." हेमांगीला त्या 'बघते'चा अर्थ ठाऊक होता. तो 'येते' असा होता.

वाळूत बसल्यावर हेमांगीने पाय पसरले. अंगाचा कण अन् कण ठणकत होता. "एवढी आले वन्सं, अख्खा देश ओलांडून," ती म्हणाली, "आणि सिरोंच्यापासून मी काही म्हणजे काही बघितलं नाही. नुसता रस्ता. पांढरी रेघ आणि खड्डे."

शलाका तिच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर हेमांगीने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, पहिल्यांदाच खिडकीची जागा मिळालेल्या माणसाचं.

"मी बघितलं ना," ती म्हणाली. "जन्मभर मी तुझ्यासारखीच, रेघ आणि खड्डे. या खेपेला मान वळवून सगळं बघितलं. सांगते तुला. सरकून बस इकडे." तिने थरथरता हात वाळूवर टेकला आणि दुसरा हेमांगीच्या खांद्यावर टाकला. "सिरोंच्यातून निघालो ना आपण, की डाव्या हाताला नदीच्या वाळूत बगळे उभे होते. एकदोन नव्हे गं, शेकड्याने. आणि त्यांच्या मधोमध एक म्हातारी, डोक्यावर पाटी घेऊन..."